कासवीच्या दृष्टीआड

मराठी संतवाङ्मयात कासवीची एक प्रतिमा पुन्हा पुन्हा भेटते. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही की पंखाखाली घेत नाही. ती दुरून केवळ मायेने पाहते आणि त्या पाहण्यानेच पिल्ले पोसली जातात, असा तो संकेत आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या पण सतत पाठीशी असणाऱ्या कृपेची कल्पना सांगण्यासाठी तो पिढ्यानपिढ्या वापरला गेला. प्राणिशास्त्राच्या कसोटीवर या संकेताचा पहिला भाग तंतोतंत खरा ठरतो आणि दुसरा पूर्णपणे खोटा. कासवीला दूध नाही आणि पंख नाहीत हे उघडच आहे. परंतु तिची दृष्टीही पिल्लांवर नसते. जमिनीवर राहणारी कासवी मागच्या पायांनी खड्डा उकरते, त्यात अंडी घालते, माती लोटून ती जागा पोटाच्या कवचाने चोपून सारखी करते आणि निघून जाते ती कायमची. काही महिन्यांनी पिल्ले जमिनीबाहेर येतात तेव्हा आई कोठे आहे हे त्यांना ठाऊक नसते, आणि पिल्ले बाहेर आली हे आईला ठाऊक नसते. पाळलेल्या लहान कासवाचे सतत दडून बसणे समजून घ्यायचे तर या गैरहजर आईपासून सुरुवात करावी लागते, कारण कोंबडीच्या पिल्लाला जे संरक्षण आईच्या पंखांखाली आयते मिळते ते कासवाच्या पिल्लाला ढेकळाखाली, गवताच्या बुंध्याशी किंवा पालापाचोळ्यात स्वतः शोधावे लागते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९००च्या सुमारास आपला आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला, त्या काळी या परिसरात माळ, शेते आणि मुठेचा काठ एवढेच होते. त्याच हिंगणे बुद्रुकचे पुढे कर्वेनगर झाले आणि आज नदीकाठापासून वारज्याच्या हद्दीपर्यंत इमारतींनी भरलेल्या या उपनगरात कासव राहते ते बाल्कनीतील प्लास्टिकच्या टबात, काचेच्या पेटीत किंवा दिवाणखान्याच्या फरशीवर. ते तेथे येण्याची कारणे निरनिराळी असतात: कोठे मुलांचा हट्ट, कोठे कासव घरात असले की लक्ष्मी नांदते ही समजूत, कोठे परदेशी प्राणी पाळण्याची नवी हौस. मात्र पाळणाऱ्यांची तक्रार बहुतेक ठिकाणी एकच असते. हौसेने आणलेले पिल्लू दिवसभर कुंडीमागे, फर्निचरच्या फटीत किंवा टबाच्या कोपऱ्यात मातीत तोंड खुपसून बसते, आणि मग ते रुसले आहे, घाबरले आहे, लाजाळू आहे की आजारी आहे, याविषयी घरात तर्क सुरू होतात. यांतील रुसण्याचा आणि लाजण्याचा तर्क सरळ बाजूला ठेवता येतो. भीतीचा आणि आजाराचा तर्क मात्र अधूनमधून खरा निघतो, आणि नेमका केव्हा, हे ओळखण्यासाठी निरोगी पिल्लू का लपते हे आधी ठाऊक असावे लागते.

येथे शब्दाविषयी थोडा खुलासा हवा. मराठीतील ‘कासव’ हा शब्द समुद्रातल्या, गोड्या पाण्यातल्या आणि कोरड्या जमिनीवरच्या अशा सर्व कवचधारी सरपटणाऱ्या प्राण्यांना सरसकट लागू होतो, पण त्यांच्या सवयी एकमेकांपासून फार वेगळ्या आहेत. पुण्यातील घरांत सर्वाधिक आढळणारे, कानाजवळ लाल पट्टा असलेले हिरवे कासव हे उत्तर अमेरिकेतील पाणकासव असून धोका वाटताच ते पाण्यात बुडी मारते. या लेखाचा विषय जमिनीवरचे कासव हा आहे, म्हणजे हत्तीसारखे खांबवजा पाय आणि घुमटासारखी पाठ असलेले, मुख्यतः गवत-पाला खाणारे कासव. त्यातील दोन जाती पुण्यात दिसतात. एक पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले भारतीय तारांकित कासव, ज्याला बाजारात स्टार कासव म्हणतात, आणि दुसरे आफ्रिकेतील सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचे सल्काटा कासव. पहिले घरात ठेवणे हा गुन्हा आहे. त्याकडे पुढे वळावे लागेलच.

अंड्यातून बाहेर पडणारे तारांकित कासवाचे पिल्लू जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांब असते. चोचीच्या टोकावर असलेल्या अंडदंत नावाच्या बारीक टोकदार उंचवट्याने ते कवच फोडते, परंतु लगेच जमिनीवर धाव घेत नाही, कारण त्याच्या पोटाशी अजून बलकाची पिशवी लोंबत असते आणि ती शरीरात शोषली जाईपर्यंत खड्ड्यात पडून राहणेच शहाणपणाचे असते. म्हणजे त्याच्या आयुष्याचे पहिले दिवसच मातीखाली दडून जातात. बाहेर आल्यावरही पाठीचे कवच हा किल्ला नसून किल्ल्याचा आराखडा असतो. मोठ्या कासवात पाठीचा कणा आणि बरगड्या रुंद होऊन एकसंध हाडाची ढाल बनते आणि तिच्यावर नखांसारख्याच पदार्थाचे, म्हणजे केराटिनचे, खवले बसतात, पण पिल्लात ही हाडे अजून पुरती सांधलेली नसतात आणि कवच दाबले तर लवते. कावळ्याची चोच, मुंगसाचे दात किंवा घोरपडीचा जबडा यांपुढे असे कवच फारसे टिकत नाही. पूर्ण वाढलेले कासव संकट आले की अंग आत ओढून जागच्या जागी बसू शकते, कारण त्याला आपल्या ढालीचा भरवसा असतो; पिल्लाला तो नसल्यामुळे त्याने मुळात कोणाच्या नजरेसच पडू नये, हाच त्याच्या बचावाचा पहिला नियम ठरतो.

याच्या अगदी उलट वागणारी पिल्लेही महाराष्ट्राच्या ओळखीची आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर, जेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले, तेथे वाळूतून वर आलेली पिल्ले कोठेही न दडता उघड्या वाळूवरून थेट लाटांकडे धावत सुटतात आणि ते पाहण्यासाठी पुण्या-मुंबईहून माणसे जातात. कासवाचे पिल्लू म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे हेच दृश्य उभे राहते, आणि मग आपल्या टबातील पिल्लू तसे धावत नाही म्हणून ते मरगळलेले वाटते. परंतु दोघेही एकाच कोड्याची दोन उत्तरे देत असतात. समुद्री पिल्लाला आसरा देणारी जागा काही मीटरांवर, पाण्यात असते आणि तेथे पोहोचेपर्यंतचा वेळ जितका कमी तितके चांगले. जमिनीवरच्या पिल्लाला जन्मभर जेथे राहायचे तेथेच आसरा शोधायचा असल्यामुळे त्याच्यासाठी धावणे म्हणजे स्वतःकडे लक्ष वेधून घेणे होय.

लपणे ही कवचाला जोडलेली नंतरची सवय नसून कवचच कदाचित लपण्यातून आले असावे, असे सुचवणारा पुरावा दक्षिण आफ्रिकेत सापडला आहे. तेथील कारू प्रदेशातील खडकांत सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीचा युनोटोसॉरस नावाचा एक प्राणी जीवाश्मरूपात मिळतो, ज्याला कवच नव्हते, पण ज्याच्या बरगड्या कमालीच्या रुंद होत्या. रुंद बरगड्यांमुळे श्वास घेणे आणि वेगाने चालणे दोन्ही अवघड होते, तर मग त्या टिकल्या कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर टायलर लायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडले. या प्राण्याचे पुढचे पाय उकरण्यासाठी बळकट होते आणि पुढच्या पायांनी माती लोटताना धड स्थिर राहावे म्हणून रुंद बरगड्यांचा आधार उपयोगी पडत असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ढाल म्हणून कवचाचा उपयोग पुढे आला. हा निष्कर्ष मान्य केला तर टबातील मातीत पुढचे पाय रोवून स्वतःला अर्धे गाडून घेणारे पिल्लू आपल्या कुळाचा सर्वांत जुना धंदा करत आहे, असे म्हणावे लागते.

मान आत घेण्याची क्रिया त्या मानाने अलीकडची आहे. अतिप्राचीन कासवांना कवच होते, पण डोके आत ओढता येत नव्हते. आजच्या बहुतेक कासवांची मान उभ्या दिशेने इंग्रजी एस अक्षरासारखी वळून कवचात शिरते, आणि या गटाच्या शास्त्रीय नावाचा, क्रिप्टोडिरा या ग्रीकमूलक शब्दाचा, अर्थच ‘लपलेल्या मानेचे’ असा होतो. दुसऱ्या गटातील कासवे मान आडवी वळवून कवचाच्या कडेखाली ठेवतात. मान आणि पाय आत घेतल्यावर कवचातील जागा कमी होते, फुप्फुसे दाबली जातात आणि त्यांतील हवा नाकावाटे बाहेर पडते. पिल्लाला उचलताच ऐकू येणारा ‘फुस्स’ असा आवाज तो हाच. अनेक जण त्याला सापासारखा फूत्कार समजून कासव चिडले असे म्हणतात, पण तो राग नसून भात्यातून निघालेली हवा आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रिये आवरणाऱ्या स्थितप्रज्ञाला अवयव आत घेणाऱ्या कासवाची उपमा दिलेली असल्यामुळे आपल्याकडे ही मुद्रा शांतीची खूण मानली जाते. प्रत्यक्षात ते अंग चोरणे ही एका घाबरलेल्या जिवाची, विचार करण्याआधीच घडणारी, प्रतिक्षिप्त क्रिया असते, आणि तत्त्वज्ञानाला ती शोभत असली तरी प्राण्याच्या दृष्टीने ती सुखाची अवस्था नव्हे.

दडी मारण्याचा एक प्रकार असा आहे की तो पाहणाऱ्याला दडी वाटतच नाही. तारांकित कासव फरशीवर ठेवले तर त्याच्याइतका नजरेत भरणारा प्राणी दुसरा नसेल, परंतु वाळलेल्या गवताच्या पातींमधून ऊन-सावलीचे पट्टे पडलेल्या जमिनीवर त्याच पिवळ्या रेषा कवचाची गोल कड डोळ्यांना जाणवू देत नाहीत. ज्या रंगरचनेमुळे आकाराची बाह्यरेषा तुटून दिसते तिला भंजक रंगसंगती म्हणतात. ही युक्ती चालण्यासाठी दोन गोष्टी लागतात, योग्य पार्श्वभूमी आणि निश्चलता. म्हणून पिल्लू गवतात तासन्‌तास न हलता बसते. पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइलवर पार्श्वभूमीच नसल्यामुळे ते निश्चल बसून पाहते, उपयोग होत नाही, आणि मग पलंगाखाली जाते.

पिल्ले केवळ शत्रूंच्या भीतीने लपतात असे मानणे मात्र अपुरे ठरेल, आणि पाळणाऱ्यांच्या हातून बहुतेक चुका याच समजुतीमुळे होतात. वस्तू जितकी लहान तितके तिच्या आकारमानाच्या तुलनेत पृष्ठफळ मोठे असते. याच कारणाने बारीक चिरलेली कैरी अख्ख्या कैरीपेक्षा लवकर सुकते. तीन-चार सेंटिमीटरचे पिल्लू त्वचेवाटे आणि श्वासावाटे मोठ्या कासवाच्या मानाने फार वेगाने पाणी गमावते, आणि उन्हात तितक्याच वेगाने तापतेही. दगडाखालची, मुळांजवळची किंवा बिळातली हवा उघड्यावरच्या हवेपेक्षा दमट आणि समशीतोष्ण असते. हातभर जागेपुरत्या अशा वेगळ्या हवामानाला सूक्ष्महवामान म्हणतात, आणि पिल्लाचे लपणे हे पुष्कळदा या सूक्ष्महवामानाचा शोध असते. ऑस्ट्रियात सल्काटाच्या पिल्लांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की पाठीवरचे खवले सपाट न वाढता शंकूसारखे उंचवटे होत जाण्याचा दोष, ज्याला पाळणारे पिरॅमिडिंग म्हणतात, कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांत ठळक होता आणि दमट हवेत वाढलेल्यांत कमी. त्यापूर्वी हा दोष मुख्यतः खाण्यातील जास्त प्रथिनांमुळे येतो असे मानले जाई. वाळवंटाकाठच्या प्राण्याला कोरडी हवाच मानवत असेल, हा तर्क वरवर बिनचूक वाटतो, पण त्या वाळवंटातील पिल्लू दिवसाचा बराच काळ ओलसर बिळात काढते ही गोष्ट त्या तर्कातून निसटून जाते.

कासव बाह्यतापी प्राणी आहे, म्हणजे त्याच्या शरीराची ऊब आतून निर्माण होत नसून ऊन, जमीन आणि हवा यांतून मिळते. जुनी शालेय पुस्तके याला शीतरक्ती म्हणत, पण दुपारच्या उन्हातील कासवाचे रक्त मुळीच थंड नसते. अन्न पचण्यासाठी जमिनीवरच्या बहुतेक कासवांना तीस अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, आणि ती मिळवण्या-टाळण्यासाठी ती दिवसभर ऊन आणि सावली यांच्यात ये-जा करतात. त्यामुळे लपण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा ३८ ते ४० अंशांवर जातो तेव्हा निरोगी पिल्लू सकाळी आणि सूर्यास्ताच्या सुमारास थोडे हिंडते आणि मधला सगळा वेळ गायब असते. पाऊस सुरू झाला की तेच पिल्लू ढगाळ दुपारीही चरताना दिसते, कारण मूळ अधिवासातही पावसाळा हाच त्याच्या हालचालीचा आणि खाण्याचा मुख्य हंगाम असतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरते तेव्हा बाल्कनीतील पिल्लू दोन-दोन दिवस हलत नाही आणि ‘ते शीतनिद्रेत गेले’ असे समजून त्याला तसेच सोडले जाते. ही समजूत घातक आहे. तारांकित आणि सल्काटा या दोन्ही उष्ण प्रदेशांतील जाती असून युरोपातल्या काही कासवांसारखी खरी शीतनिद्रा त्या घेत नाहीत. गारठ्यात त्यांचे पचन थांबते, खाल्लेले पोटात सडते आणि फुप्फुसांचा संसर्ग बळावतो.

उन्हाविषयी आणखी एक बारकावा आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा एक भाग त्वचेवर पडल्यावर शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम हाडांत बसत नाही, पण हा भाग खिडकीची काच ओलांडत नाही. बंद बाल्कनीत काचेमागे ऊन खाणाऱ्या पिल्लाला ऊब मिळते, किरण मिळत नाहीत. काही महिन्यांत हाडे मऊ पडतात, पाय शरीर उचलेनासे होतात आणि पिल्लू कोपऱ्यात पडून राहते. बाहेरून हेही लपण्यासारखेच दिसते.

काचेची पेटी दुसऱ्याही एका कारणाने त्रासदायक ठरते. काच म्हणजे काय हे कासवाला उमगत नाही. त्याला चारही बाजूंनी हलणारी मोठी शरीरे दिसत राहतात, आपण मात्र उघड्यावर आहोत एवढेच जाणवते, आणि ते भिंतीला धडका देत राहते किंवा मातीत तोंड घालून बसते. त्यातच घरातील हात नेहमी वरून येतो. रानात वरून झडप घालणारी घार किंवा कावळा असतो, त्यामुळे रोज तीन वेळा टबातून उचलून पाहुण्यांना दाखवले जाणारे पिल्लू दिवसातून तीन वेळा शिकारी पक्ष्याच्या तावडीतून वाचत असते, असे म्हटले तर ती फार अतिशयोक्ती होणार नाही. आवाजाचे म्हणाल तर कासवांना फक्त खालच्या पट्टीतले, काही शे हर्ट्झपर्यंतचे, ध्वनी बरे ऐकू येतात, शिवाय जमिनीतून येणारा थरकाप थेट पोटाच्या कवचाला भिडतो. शिट्टी किंवा हाक यांचे त्यांना विशेष काही नसते. परंतु मिक्सर ठेवलेल्या ओट्याखालची जागा, धुलाईयंत्राशेजारची फरशी आणि गणेशोत्सवाआधीच्या आठवड्यांत नदीकाठी चालणाऱ्या ढोल-ताशा पथकांच्या सरावाचा दणका यांनी पिल्लू दिवसेंदिवस बाहेर येणे टाळू शकते.

मग आजार कसा ओळखावा? नुसत्या लपण्यावरून तो ओळखता येत नाही. निरोगी पिल्लू लपते, पण ऊब आणि अन्न यांसाठी ठरावीक वेळी बाहेर येते, उचलल्यावर पाय जोराने आत ओढते, त्याचे डोळे टपोरे आणि कोरडे असतात आणि आठवड्याला केलेले वजन हळूहळू वाढत असते. वजनासाठी स्वयंपाकघरातील डिजिटल काटा पुरतो, आणि महिनाभराच्या नोंदी पाळणाऱ्याच्या डोळ्यांपेक्षा अधिक विश्वासार्ह असतात. उलट, पुरेशी ऊब असतानाही दिवसच्या दिवस न खाणे, नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून मान ताणत घेतलेला श्वास, खोल गेलेले किंवा चिकटलेले डोळे, दाबल्यावर नव्याने लवू लागलेले कवच आणि हाताला ढिले लागणारे पाय ही लक्षणे दिसली तर ते लपणे नसून ढासळणे असते आणि तेथे सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यच हवा. यांतील पहिले लक्षण पाहताना एक खबरदारी आवश्यक असते: ज्या पिल्लाला नुकतेच नव्या जागी आणले आहे ते काही दिवस खात नाही, आणि तेवढ्यावरून औषधोपचार सुरू करणे म्हणजे त्याला पुन्हा पुन्हा हातात घेऊन भीती वाढवणे होय.

लपणाऱ्या पिल्लाचा आडोसा काढून टाकला की ते माणसाळेल, ही कल्पना अनेक घरांत अमलात येते आणि हमखास फसते. आसरा जवळ आहे याची खात्री असलेले पिल्लूच त्यापासून दूर जाण्याचे धाडस करते. खात्री काढून घेतली तर ते कोपऱ्यालाच आसरा मानून तेथे थिजते. म्हणून आडोसे एकाहून अधिक हवेत. एक उबेच्या बाजूला असावा आणि एक गार, ओलसर बाजूला, नाहीतर पिल्लाला सुरक्षितता आणि योग्य तापमान यांतून एकाचीच निवड करावी लागते. त्यासाठी महागड्या प्लास्टिकच्या गुहेची गरज नसते. जुन्या घरावरचे नळीचे कौल किंवा आडवी अर्धी पुरलेली मातीची कुंडी, तळाशी चार बोटे माती आणि कोकोपीट, ते ओले राहील इतका पाण्याचा शिडकावा आणि पेटीच्या बाजूंना बाहेरून लावलेला कागद एवढ्याने काम भागते. हरळी, घोळ, पाथरी, जास्वंदीची पाने-फुले असा पाला सकाळी आडोशाच्या तोंडाशी ठेवून माणसाने तेथून निघून जावे, हे त्यातले सर्वांत अवघड काम आहे, कारण पाळणाऱ्याला पाहायचे असते. पोळी, भात आणि बिस्किटे यांचा कासवाच्या आतड्याशी काही संबंध नाही. हाताळल्यावर साबणाने हात धुणे आवश्यक असते, कारण निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हे जंतू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे.

कालांतराने बरीच पिल्ले माणूस दिसताच बाहेर येऊ लागतात. धोका नसलेल्या गोष्टीकडे हळूहळू दुर्लक्ष करण्याच्या या शिकण्याला सवयीकरण म्हणतात, आणि त्याच्या जोडीला माणूस म्हणजे अन्न हे समीकरण बसते. याला प्रेम म्हणावे का, यावर वाद घालण्यात फारसे हशील नाही. ज्या प्राण्याच्या जीवनक्रमात आई, भावंडे किंवा कळप यांना जागाच नाही, त्याच्याकडून मायेची अपेक्षा माणूस आपल्या सोयीने करत असतो. इटलीत एलिझाबेट्टा व्हर्साचे आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत कासवाची पिल्ले ओळखीच्या पिल्लाकडे दुर्लक्ष करत आणि अनोळखी पिल्लाला आधी निरखून मग त्याच्यापासून दूर जात असे आढळले. त्याच संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला दुसरा प्रयोग अधिक चकित करणारा आहे. पाच प्रकारच्या कासवांच्या, जन्मापासून कोणाचाही चेहरा न पाहिलेल्या पिल्लांपुढे ठिपक्यांच्या निरनिराळ्या आकृत्या ठेवल्या असता, वर दोन आणि खाली एक अशी, म्हणजे दोन डोळे आणि तोंड यांसारखी मांडणी असलेल्या आकृतीकडे ती जास्त वेळा गेली. मनुष्याचे अर्भक आणि कोंबडीचे पिल्लूही असेच करते, पण त्यांना आईचा चेहरा शोधायचा असतो; कासवाच्या पिल्लाकडे पाहणारा चेहराच नसतो, तरी हा कल त्याच्यात आहे. संशोधकांच्या मते याचा अर्थ चेहऱ्याकडे वळण्याची ही ओढ अपत्यसंगोपनाच्या आधीची, फार जुनी असावी. संतांची प्रतिमा येथे नकळत उलटी होऊन उभी राहते: कासवी पिल्लाकडे पाहत नाही, पिल्लू मात्र पाहणाऱ्याला शोधते.

आता तारांकित कासवाच्या कायद्याचा भाग. या कासवाचे वन्य पट्टे राजस्थान-गुजरात व लगतचा पाकिस्तान, दक्षिण भारताचा पूर्वेकडील कोरडा भाग आणि श्रीलंका असे तीन असून, कर्वेनगरच्या टबात आढळणारे पिल्लू यांपैकी कोठूनतरी पोत्यात किंवा पिशवीत भरून आलेले असण्याचीच शक्यता मोठी असते. भारतातील अवैध व्यापाराचा माग काढणाऱ्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एकाच व्यापारी केंद्राभोवतीच्या भागातून वर्षभरात किमान ५५,००० तारांकित कासवे पकडली गेल्याचे आढळले होते. २०१९ मध्ये या जातीचा समावेश साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात होऊन तिच्या व्यापारी आयात-निर्यातीवर बंदी आली, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२च्या दुरुस्तीने देशातही तिला पहिल्या अनुसूचीतील सर्वोच्च संरक्षण मिळाले. तेव्हा विकत घेतलेले असो वा कोणी भेट दिलेले, ते घरी ठेवता येत नाही. सल्काटासारखी परदेशी जात ठेवणाऱ्यांसाठी २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक आहे. शिवाय तळहातावर मावणारे सल्काटाचे पिल्लू पुढे पाऊण मीटर लांब होते, त्याचे वजन चाळीस किलोंपलीकडे जाऊ शकते आणि लपण्याची त्याची जन्मजात रीत म्हणजे कित्येक मीटर लांब बीळ खणणे ही असते, याचा विचार तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत राहणाऱ्याने आधीच केलेला बरा.

भीतीने किंवा पश्चात्तापाने काही जण अशी कासवे मुठेच्या काठी किंवा वेताळ टेकडीवर सोडून येतात. नदीत टाकलेले जमिनीवरचे कासव बुडून मरते, कारण त्याला पोहता येत नाही. टेकडीवर सोडलेले कुत्र्यांच्या आणि कावळ्यांच्या तोंडी जाते, आणि वाचलेच तर परक्या प्रदेशातील रोग स्थानिक प्राण्यांत नेऊ शकते. महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवले की ते ताब्यात घेतले जाते, आणि पुणे परिसरात सापडलेल्या वन्यप्राण्यांवर बावधन येथे रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टच्या केंद्रात उपचार होतात. वर्षानुवर्षे फरशीवर आणि पोळीच्या तुकड्यांवर वाढलेल्या कासवांना थेट रानात सोडता येत नाही, म्हणून महाराष्ट्रात अशा कासवांना विदर्भातील जंगलात आधी कुंपण घातलेल्या जागेत ठेवून टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याची पद्धत वापरली गेली आहे. कुंपणाच्या आत गवत आणि झुडपे असतात, वरून येणारा हात नसतो, पाला कोणी आडोशाच्या तोंडाशी आणून ठेवत नाही, आणि माणूस दिसला की बाहेर येण्याची घरात लागलेली सवय तेथे मोडावी लागते.